घर तुमचं, जमीन कुणाची? काँडो आणि पीयूडीच्या दोन जन्मकथा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे, पण ज्यांचा भाऊ, बहीण किंवा कॉलेजचा मित्र कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत टाउनहाउस घ्यायच्या खटपटीत आहे, त्यांनी तर ऐकाच.

अमेरिकेत दोन टाउनहाउसं अगदी डिट्टो असू शकतात. तसंच छप्पर, तशीच मधली सामाईक भिंत, तसाच दर महिन्याचा मेंटेनन्स. तरी कागदावर एक असतं काँडोमिनियम आणि दुसरं पीयूडी, म्हणजे प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट. बँकेसाठी घराची किंमत काढणारा अप्रेझर, म्हणजे आपल्याकडचा व्हॅल्युअर, त्याला हे आधी शोधावं लागतं. आणि घराकडे बघून ते कळत नाही. सरकारदप्तरी नोंदवलेलं डिक्लरेशन आणि प्लॅटचा नकाशा काढून वाचावा लागतो.

फरक काय? पीयूडीत घर तुमचं आणि घराखालचा जमिनीचा तुकडाही तुमचा. बाग, रस्ते, पूल हे सगळं घरमालकांच्या असोसिएशनच्या नावावर. काँडोत तुमच्या मालकीची असते ती साधारण भिंतींच्या आतली जागा. जमीन, छत, पाया, जिने यांत सगळ्यांचा अविभक्त हिस्सा, तोही टक्केवारीत.

मला यात गंमत वाटते ती अशी, की या दोन गोष्टी एकाच झाडाच्या फांद्या नाहीत. दोन वेगळी झाडं आहेत.

पीयूडीचं मूळ शोधत गेलं की आपण लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला पोचतो. टल्क नावाच्या माणसाने १८०८ साली तिथली बाग विकली, पण अट घातली: बाग बागच राहील. जागा हातोहात फिरत मॉक्सीकडे आली. तो म्हणाला, करार मी केलेला नाही, मी बांधकाम करणार. १८४८ साली कोर्टाने निकाल दिला की अट माहीत असताना जागा घेतलीस, तर ती तुलाही लागू. म्हणजे करार माणसाला नाही, जमिनीला चिकटला. न्यूयॉर्कमध्ये तर १८३१ सालीच सॅम्युएल रगल्सने ग्रामर्सी पार्क भोवतालच्या प्लॉटवाल्यांसाठी विश्वस्तांच्या हवाली केलं होतं. त्या बागेला आजही कुलूप असतं आणि किल्ली मोजक्या लोकांकडे. मग १९२९ साली न्यू जर्सीत रॅडबर्न वसलं. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली वसाहत, घरं स्वतंत्र, बागा सामाईक, कारभार असोसिएशनचा. १९६३ साली एफएचए या सरकारी गृहकर्ज-विमा संस्थेने अशा वसाहतींसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि गाडी सुसाट सुटली.

काँडोची गोष्ट मात्र हवेत लटकलेली आहे. अक्षरशः. जुना रोमन विचार असा, की जमीन ज्याची, तिच्यावरचं सगळं त्याचं. मग तिसऱ्या मजल्याचा मालक वेगळा कसा असणार? फ्रान्सच्या १८०४ च्या नेपोलियन संहितेत एकाच घराचे मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील तर दुरुस्ती कुणी करायची, यावर एक कलम होतं. पुढे युरोप आणि दक्षिण अमेरिकेत रीतसर कायदे झाले. स्पॅनिश कायद्याची परंपरा असलेल्या प्वेर्तो रिकोने १९५८ साली आपला कायदा केला. बेट लहान, जमीन कमी, उंच बांधण्यावाचून पर्याय नाही. पण कर्ज कोण देणार? तिथल्या लोकांनी वॉशिंग्टनला जाऊन बाजू मांडली आणि १९६१ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये कलम २३४ आलं. काँडोच्या एकेका युनिटच्या कर्जाला आता एफएचएचा विमा मिळू लागला. दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळ्या राज्यांत काँडोचे कायदे झाले होते.

याची गरज होतीच. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये को-ऑप चालायचे. तिथे अख्ख्या इमारतीवर एकच कर्ज. १९३० च्या महामंदीत शेजाऱ्यांनी हप्ते थकवले की वेळेवर भरणाऱ्यांचीही घरं गेली. काँडोत प्रत्येकाचं कर्ज वेगळं, हा खरा शोध होता.

आता अप्रेझरकडे परत येऊ. २००५ पासून बरीच वर्षं फॅनी मेचे फॉर्म ठरलेले होते: साध्या घराला १००४, त्यातच पीयूडीसाठी एक चौकट, आणि काँडोला वेगळा १०७३. (मी कोड लिहिणारा माणूस, एका टिकमार्कने अख्खा हिशोब बदलतो, हे मला फार ओळखीचं वाटतं.) घराचं क्षेत्रफळ बाहेरून मोजतात, काँडोचं आतल्या भिंतींपासून. पीयूडीत जमिनीची किंमत वेगळी काढून वर बांधकामाचा खर्च मांडता येतो. काँडोत स्वतःची सुटी जमीनच नाही, त्यामुळे हिशोब मुख्यतः तशाच दुसऱ्या काँडोंच्या विक्रीवर. म्हणून पीयूडीची तुलना काँडोशी केली की आकडा घसरतो किंवा फुगतो, आणि ग्राहकाच्या कर्जाची वाट लागते.

हा नुसता कागदी घोळ नाही. २४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडात सर्फसाइड इथली चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १९८१ सालची बारा मजली काँडो इमारत कोसळली. ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच इंजिनिअरने काँक्रीटची गंभीर खराबी लिहून दिली होती. जवळपास दीड कोटी डॉलरची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून भरायची, यावर कित्येक महिने वाद चालले आणि वर्गणी मंजूर झाली ती दुर्घटनेच्या जेमतेम दोन महिने आधी. घर कितीही नीटनेटकं ठेवा, पाया तुमच्या एकट्याच्या हातात नसतो. नंतर ती रिकामी जमीन एकसंध विकली गेली, बारा कोटी डॉलरना. आणि २०२२ च्या सुरुवातीपासून फॅनी मे बँकांना काँडोबद्दल जास्त प्रश्न विचारायला लावते: दुरुस्त्या राहिल्यात का, राखीव निधी किती? आता युनिट बघायचं म्हणजे अख्खी इमारत बघायची.

आपल्याकडे? महाराष्ट्रातली नेहमीची सोसायटी त्या न्यूयॉर्कच्या को-ऑपच्या जवळची: कन्व्हेयन्स झाल्यावर जमीन आणि इमारत सोसायटीची, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट. पण १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट वाचा. डिक्लरेशन, सामाईक जागा, अविभक्त हिश्श्याची टक्केवारी... शब्द थेट अमेरिकन काँडो कायद्यांच्या घराण्यातले! पुण्यात अशा इमारती भरपूर. तिथे मोठ्या फ्लॅटवाल्याला मेंटेनन्स जास्त का, यावर सभेत दर वर्षी भांडण होतं. त्याचं उत्तर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये असतं, कारण सामाईक खर्च कायद्याने हिश्श्याच्या टक्केवारीनुसारच वाटायचा आहे.