सरकीचा जमाखर्च

वऱ्हाडांतील शेतकरी कापूस आणि रुई हे दोन शब्द एकमेकांच्या जागीं कधीं वापरीत नाहीं. बोंडांतून वेंचतात तो कापूस, आणि सरकी काढल्यावर उरते ती रुई. शंभर शेर कापसांत रुई जेमतेम तिसरा हिस्सा. थोडी घट सोडली तर बाकीची सारी सरकीच. व्यापाऱ्याचें लक्ष मात्र या तिसऱ्या हिश्शावरच असे.

घरोघरीं हातरेचा फिरत होता तोंवर याची अडचण भासली नाहीं. सरकी घरींच राही. कांहीं बियाण्याला, उरलेली बैलांना. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें वऱ्हाडी कापसाला एकाएकीं भाव आला, १८६७ सालीं आगगाडी अकोल्यावरून नागपुरास पोहोंचली, आणि पुढें वाफेवर चालणारीं जिनें उभीं राहिलीं. रुईच्या गांठी मुंबईस रवाना झाल्या. सरकीचे ढीग जिनाच्या आवारांत पडून राहूं लागले. ओली सरकी आंतून तापते व कुजते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं ती हलविणें हेंहि कारखान्याच्या आंखणींतलेंच एक काम झालें.

खरा पेंच हिशेबाचा होता. कापूस एकाच भावानें घेतला. मग त्या खर्चांतला किती वांटा सरकीचा? वजनावर वांटला तर जवळजवळ दोन-तृतीयांश खर्च तिच्या माथीं बसतो, आणि रुई फुकट मिळाल्यासारखी दिसते! सोयीची रीत ही, कीं सारा खर्च रुईच्या नांवें लिहावा व सरकीचे आलेले पैसे त्यांतून वजा करावे. रीत सोपी खरी. पण सरकी जमेस कमी धरली, कीं कापसाला परवडणारा भावहि तितकाच खालीं दिसतो, आणि ती खोट शेतकऱ्याच्या पदरीं येते. कारंजाचा नियंत्रित बाजार १८८६ चा, वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा १८९७ चा. त्यांनीं मापाला आणि दलालीला शिस्त लावली. जिनाच्या वहीपर्यंत मात्र त्यांचा हात पोहोंचणारा नव्हता.

सरकीची किंमत वाढविली ती रसायनशास्त्रानें. तेलांत हायड्रोजन मिसळून तें घट्ट करण्याची कृति जर्मनींत विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाली. १९११ सालीं अमेरिकेंत सरकीच्या तेलापासून केलेलें क्रिस्को बाजारांत आलें. वऱ्हाडांतहि तेल घाण्याकडे, ढेप म्हशीकडे अशी वांटणी रुळली.

१९७२ पासून महाराष्ट्राच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेनें हा जमाखर्च सार्वजनिक केला. रुई व सरकी या दोहोंची विक्री जमेस धरावयाची, रेचाई, दाबाई, वाहतूक, व्याज वजा करावयाचें, आणि कांहीं उरल्यास शेतकऱ्यास वाढीव रक्कम द्यावयाची. योजनेवर पुढें टीका पुष्कळ झाली, ती सर्वस्वीं अकारण नव्हती. तथापि सरकीचा पैसा शेतकऱ्याच्या नांवें मांडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

आज तोच प्रश्न पऱ्हाटीचा आहे. तिच्यापासून फळ्या व जळणाच्या कांड्या होतात, हें मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें दाखविलें आहे. पण पऱ्हाटी हलकी आणि अवजड. गाडी भरते, वजन भरत नाहीं. वाहतुकीचा खर्च अंगावर येतो म्हणून पुष्कळशी अजून बांधावरच जाळली जाते.