जर्मन पान्याची पारख

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री हे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे गाव. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की अशा महामार्गालगतच्या गॅरेजांत ट्रॅक्टर आणि मालमोटारींच्या दुरुस्तीला उसंत राहत नाही. तेथील कामाची भिस्त यंत्रांपेक्षा पाने, पकडी आणि पेचकसांवर अधिक असते. पान्याचे तोंड फाकले, की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. जोर लावताना पाना सटकला, तर मिस्त्रीची बोटे सोलवटून निघतात. महागड्या जर्मन हत्यारांविषयीचे कुतूहल त्यातूनच निर्माण होते. त्या नावाने बनावट मालही खपवला जातो, म्हणून ही पारख आवश्यक ठरते.

जर्मनीतील या उद्योगाचे माहेरघर म्हणजे वुपर नदीच्या परिसरातील रेमशाइड, वुपरटाल आणि सोलिंगेन ही शहरे. ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे घण आणि आसपासच्या जंगलातील कोळसा यांच्या बळावर तेथे लोहारकाम वाढले. ‘स्टालविले’ १८६२ मध्ये, ‘हाझेट’ १८६८ मध्ये, तर पकडींसाठी विख्यात ‘क्निपेक्स’ १८८२ मध्ये स्थापन झाली. ‘गेडोर’ (१९१९) हे नाव जर्मन भाषेतील ‘डोविडाट बंधू, रेमशाइड’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून घडले आहे. ‘मेड इन जर्मनी’ या शिक्क्याची कथा तर गमतीची आहे. शेफिल्डच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हलक्या जर्मन मालापासून ग्राहकाला सावध करण्यासाठी ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर मूळ देश नोंदवण्याची सक्ती केली. पुढे तोच शिक्का प्रतिष्ठेचा झाला!

चांगल्या पान्याचे रहस्य केवळ ‘क्रोम व्हॅनेडियम’ या अक्षरांत नाही. ती कोणालाही कोरता येतात. पोलाद साच्यात घणाने घडवणे, नंतर त्याला नेमके ‘पाणी देणे’ आणि तोंडाचे माप काटेकोर राखणे, यात खरे कसब आहे. पोलाद फार कठीण झाले तर पाना तडकतो, मऊ राहिले तर तोंड फाकते. उत्तम रिंग पान्याची आतील घडण अशी असते, की दाब नटाच्या कोपऱ्यांऐवजी बाजूंवर पडतो. गंजलेल्या नटावर हा फरक लगेच जाणवतो.

विजेच्या कामात तर प्रश्न थेट जिवाचा आहे. एक हजार व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असलेल्या पकडीवर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह आणि ‘१००० व्ही’ अशी नोंद असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा हत्याराची दहा हजार व्होल्टला चाचणी होते. नुसती लाल-पिवळी प्लास्टिकची मूठ म्हणजे हे संरक्षण नव्हे. खरी पक्कडही गावाबाहेरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी मुळीच नाही.

जर्मन नाव म्हणजे जर्मनीतच बनलेली वस्तू, असेही गृहीत धरू नये. ‘वेरा’चे पेचकस चेक प्रजासत्ताकातही तयार होतात, त्याने दर्जा घटतो असे नाही. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे आयात मालाला बंधनकारक आहे. ही माहिती नसेल, अक्षरे पुसट असतील किंवा किंमत अविश्वसनीय वाटेल इतकी कमी असेल, तर वस्तू घेऊ नये. मुंबईची नागदेवी स्ट्रीट हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. मात्र कोठेही अधिकृत विक्रेत्याची पक्की पावती घ्यावी. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

सगळा संच जर्मन घेण्याची मात्र गरज नाही. नाशिकची ‘टपारिया’ स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभी राहिली. तिचे पाने रोजच्या कामाला पुरेसे आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळण्याजोगे आहेत. जादा पैसे खर्चायचेच असतील, तर आधी विद्युतरोधक पक्कड घ्यावी, मग वारंवार लागणारे दोन-तीन रिंग पाने.