बँड विस्कटल्यावर निघालेली तबकडी

१९७० च्या दशकात मुंबईत रॉक वाजवणाऱ्यांची खरी अडचण ध्वनिमुद्रणाची होती. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. पण त्यांत अनेक बँडची गाणी एकत्र असत.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ने मात्र स्वतःच्या नावाची अखंड तबकडी मुद्रित केली. बँडचा कणा कीथ कांगा. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडेही काही काळ त्यात गात (१९७४ च्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मधले जूडास ते हेच).

तबकडीचे नाव ‘ऑब्सेशन ’७७’, बाजारात आली १९८१ मध्ये! तोवर बँड विस्कटला होता. ही ध्वनिमुद्रणे पुन्हा प्रसिद्ध केली ती २०११ मध्ये, अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने.