माल जिथे थांबतो : मालमार्गांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरून घेतलेले लेख आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखांत त्याच्या दानांची लांबलचक यादी येते. गाई, गावे, सोने ही सत्ताधीशांची नेहमीची दाने सोडून दिली, तरी दोन नोंदींपाशी वसई-विरारच्या वाचकाने जरा थांबावे. भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, या ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट उतारासाठी नावा ठेवल्या, त्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. पारदा ही पारडीजवळची पार, दमणा म्हणजे दमणगंगा, डहाणुका म्हणजे डहाणूची खाडी. नकाशावर ही नावे जोडत गेले की भडोच ते सोपारे असा किनाऱ्यालगतचा रस्ता उभा राहतो. १८६४ साली मुंबईला सुरतेशी जोडणारी बी.बी.सी.आय. रेल्वे, अहमदाबाद महामार्ग आणि पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग हे तिन्ही याच पट्ट्यातून, याच नद्या ओलांडून गेले.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला.

दात्याने स्वतःच कोरवून घेतलेली ही स्तुती आहे, हे विसरून चालणार नाही. नावाड्याला पगार वेळेवर मिळत होता का, हे लेणे सांगत नाही. तरीही सरकार आणि व्यापारी यांनी मिळून मालमार्ग चालवण्याचा विचार करू पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. सत्तेने नेमके कशाला हात घातला ते पाहा. रस्ता आधीच होता, लोक जात-येत होते. अडत होते ते नदीच्या काठाशी. खर्च झाला तो तिथे. आणि पैशाचा विश्वास टिकावा म्हणून कारागिरांचा संघ, ठरलेला दर आणि चारचौघांतली नोंद, इतकी व्यवस्था पुरली.

सत्ता उलट्या बाजूनेही हात घालते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारे आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे आहेत. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती. पुढे राज्य बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तिचा अनामिक लेखक नोंदवतो. पुढे दीड हजार वर्षांनी पोर्तुगीजांनी या समुद्रावरच्या जहाजांकडून ‘कार्ताझ’ हा परवाना मागायला सुरुवात केली, ती याच जातीची गोष्ट. बंदरे तीच, वारे तेच. कागद बदलला की मार्ग बदलतो.

आज हा विषय ‘लॉजिस्टिक्स’ या नावाने व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जातो. तिथे तो बराच सपाट होतो: इतके किलोमीटर, इतके तास, इतकी बचत. या ग्रंथाचा रोख वेगळा आहे. माल कसा धावतो याचे चित्र सगळ्यांकडे आहे. तो कुठे, का आणि कोणाच्या खर्चाने थांबतो याचा अभ्यास थोडा झाला आहे. बंदरातल्या आणि गोदीतल्या मंडळींना हे सांगावे लागत नाही. जहाज कंपनीचा कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस अडकला की डिटेन्शन, बंदरात किंवा रेल्वेच्या आवारात माल पडून राहिला की डेमरेज, ट्रेलर गेटबाहेर उभा राहिला की हॉल्टिंग. थांबण्याची ही तीन बिले तीन वेगवेगळे लोक लावतात, आणि वसईतल्या वालीवच्या गाळ्यातला छोटा निर्यातदार ती तिन्ही भरतो.

वसई-विरार या अभ्यासासाठी चांगली जागा आहे, ती एका कारणाने: इथे मोठ्या मालमार्गाचा आरंभही नाही आणि शेवटही नाही. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदराहून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत जाणारा सुमारे १५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग आपल्या परिसरातून फक्त पुढे जातो. त्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये समर्पित मालमार्गांसाठी डीएफसीसीआयएल ही कंपनी स्थापन झाली. पैसा मोठ्या प्रमाणात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून आला, आणि त्या कर्जाच्या अटींनुसार खरेदीचा एक हिस्सा जपानी मालाचा ठेवावा लागला. म्हणजे देशाच्या आत राहणाऱ्या या रुळांतही परदेशाचा सहभाग पहिल्या दिवसापासून होता. ७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणातील न्यू अटेलीहून राजस्थानातील न्यू किशनगडकडे विजेवर धावणारी, एकावर एक कंटेनर रचलेली दीड किलोमीटर लांबीची गाडी निघाली. पंचवीस टनांचा अक्षभार, उंच ओव्हरहेड तार, ताशी १०० किलोमीटर वेग हे सारे तिथे प्रत्यक्षात आले. मात्र ज्या बंदरासाठी हा खटाटोप, त्या बंदराला जोडणारा वैतरणा ते जेएनपीटी हा जेमतेम १०२ किलोमीटरचा तुकडा सगळ्यांत मागे राहिला. खाड्या, वस्ती, वनजमीन, भूसंपादनाचे दावे: उत्तरेकडचे हजारभर किलोमीटर एकीकडे आणि आपल्याकडचे शंभर एकीकडे. विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय शोधायचा असेल तर हा तुकडा घ्यावा. वसई-दिवा मार्गावर जूचंद्र, कामण, खारबाव करत एकदा प्रवास केला तरी मुद्दा कळतो. दिवसातून मोजक्या मेमू गाड्या धावणारा हा रूळ अनेक वर्षे गुजरात आणि न्हावाशेवा यांच्यातला मालाचा पूल होता.

आता सीमेबद्दल. सीमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तारेचे कुंपण येते. मालाची सीमा अशी एका जागी बसलेली नसते. तलासरीजवळ अच्छाड-दापचरीला गुजरातच्या हद्दीवरचे तपासणी नाके होते. दहिसरला मुंबईच्या जकातीचा नाका होता आणि त्यापुढच्या रांगा वसईकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, आणि एप्रिल २०१८ पासून तो नाका जणू ई-वे बिलाच्या रूपाने चालकाच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला. निर्यातीतही तसेच घडले. पूर्वी कारखान्यात कंटेनर भरताना सरकारी अधिकारी हजर असावा लागे. २०१७ पासून परवानगीप्राप्त निर्यातदार स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो. देशाची सीमा अशी सातिवलीच्या एखाद्या गाळ्याच्या शटरपर्यंत येऊन पोचली. पण त्या गाळ्याचा माल पूर्ण कंटेनर भरण्याइतका असेल तरच! वसईतली बहुतेक औद्योगिक वस्ती खासगी गाळ्यांची आणि लहान कारखान्यांची आहे. ज्याचा माल चार-पाच पेट्यांचा, त्याला तो उरणकडच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला टेम्पोने पाठवून इतरांच्या मालात मिसळूनच द्यावा लागतो. सवलत विश्वासावर दिली जाते, आणि विश्वासाचे माप इथे कंटेनरच्या आकाराने ठरते. माझ्या मते धोरणातली ही मोठी फट आहे, आणि तिच्यावर उद्योजक संघटनाही पुरेशा बोलत नाहीत.

व्यापारी आणि सरकार यांनी खरोखर एकत्र काम केल्याचे उदाहरण मागाल तर मी आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचे देईन. भारत, इराण आणि रशिया यांनी १२ सप्टेंबर २००० रोजी सेंट पीटर्सबर्गला करार केला. मुंबईहून समुद्राने बंदर अब्बास, तिथून इराण ओलांडून कास्पियन समुद्र, मग आस्त्राखान. सुएझच्या फेऱ्यापेक्षा अंतर बरेच कमी. कागदावर सगळे ठीक, आणि बराच काळ कागदावरच. २०१४ साली वाणिज्य मंत्रालयाच्या पाठबळाने मालवाहतूक एजंटांच्या राष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफएफएफएआयने, प्रत्यक्ष माल पाठवून चाचणी घेतली: न्हावाशेवाहून एक वाट बाकूकडे, दुसरी आस्त्राखानकडे. १५ टनांमागे सुमारे अडीच हजार डॉलर वाचतात, असा निष्कर्ष निघाला. बचतीच्या या आकड्यापेक्षा अडचणींची यादी मला अधिक मोलाची वाटते, कारण ती मंत्र्यांच्या शिष्टमंडळाला कधीच दिसली नसती: कोणते कागद दोनदा मागितले जातात, परतीचा माल का मिळत नाही, विमा कोण उतरवतो. जून २०१७ मध्ये भारत टीआयआर करारात सामील झाला, म्हणजे एकदा सील केलेला माल वाटेतल्या देशांत न उघडता पुढे नेण्याच्या व्यवस्थेत. २०१९ मध्ये इराणहून तशी पहिली खेप न्हावाशेवाला उतरली. २०२२ साली रशियातून दोन चाळीस फुटी कंटेनरांत लाकडी लॅमिनेटची खेप याच वाटेने आली. दोन कंटेनर! करारानंतर बावीस वर्षांनी. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गाची घोषणा झाली तेव्हा वृत्तपत्रांनी रंगीत नकाशे छापले. महिना उलटायच्या आत पश्चिम आशियात युद्ध पेटले. नकाशे पाहताना ते दोन कंटेनर आठवावेत, एवढेच म्हणेन.

अशा उपक्रमांत ‘सहकार्य’ म्हणजे मंत्रालय आणि उद्योजक महासंघ, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्राला याहून रुंद कल्पना माहीत आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांत मालक आणि कामगार यांचे सारख्या संख्येने प्रतिनिधी असतात, शिवाय शासनाचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला हा कायदा. त्याच्या अंमलबजावणीबद्दल व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत, कामगारांच्याही आहेत, आणि त्या सगळ्याच खोट्या नाहीत. पण माल उचलणाऱ्याला त्या टेबलाशी खुर्ची देणारी अशी रचना कोणत्याही आंतरराष्ट्रीय मालमार्गाच्या जाहीरनाम्यात मला आढळलेली नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली तीही अशीच आठवण्याजोगी: भरलेला ट्रक चालकासकट वॅगनवर. माल उतरवायचा-चढवायचा सांधाच तिथे काढून टाकला. आपल्या मातीतल्या या दोन प्रयोगांवर इंग्रजी पाठ्यपुस्तके क्वचितच थांबतात, म्हणून इथे त्यांना भरपूर जागा दिली आहे.

पालघर जिल्ह्यातला माल म्हणजे फक्त कंटेनर नव्हे. विरारहून पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून दादरला जाणारी मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची फुले, वसईची भाजी आणि सुकेळी, केळवे-माहीमचे विड्याचे पान, घोलवडचा चिकू यांचाही अभ्यास इथे अपेक्षित आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूची खेप २०२१ साली ब्रिटनला गेली. नाशवंत मालाला थांबणे परवडतच नाही, त्यामुळे मालमार्गाचा खरा कस तिथे लागतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जी लढाई लढली, ती वरकरणी पाण्याची आणि बांधकामांची होती. पण वाड्या राहिल्या नाहीत तर पाठवायला काय उरेल, हा प्रश्नही तिच्यात होताच.

डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराला या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सगळ्यांत लांब आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. जेएनपीएचा, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या प्राधिकरणाचा, वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली, नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव घालून तयार होणारी १,४४८ हेक्टर जमीन. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला भूमिपूजन झाले. समर्पित मालमार्ग तिथून सुमारे बारा किलोमीटरवर आहे, म्हणजे आखणीकारांच्या दृष्टीने जागा आदर्श. वरोर, धाकटी डहाणू इथल्या मच्छीमारांच्या दृष्टीने तीच जागा घोळ, शेवंड आणि पापलेटची आहे. वाढवण-वरोरच्या घराघरांत दागिन्यांचे साचे घडवणारा डायमेकिंगचा धंदाही आहे. सरकार आणि उद्योग यांच्यातले सहकार्य इथे नमुनेदार म्हणावे इतके पक्के आहे. जे बाहेर राहिले ते न्यायालयात गेले.

विद्यार्थ्यांना एकच सूचना करतो. त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे दोन आदेश शेजारी ठेवून वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्देशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली हे प्राधिकरण नेमले गेले. १९९८ मध्ये त्याने याच किनाऱ्यावर बंदर बसत नाही असे ठरवले. ३१ जुलै २०२३ रोजी, धर्माधिकारींच्या निधनानंतर चार वर्षांनी, त्याच प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मधल्या पंचवीस वर्षांत बंदराची आखणी बदलली, बंदराला उद्योग म्हणावे की नाही याचे सरकारी वर्गीकरण बदलले, जहाजांचा आकार बदलला. यांपैकी कोणत्या बदलाने निकाल फिरला, याचे आमचे उत्तर प्रकरणात आहे. ते सगळ्यांना पटेल असे नाही; आम्हा संपादकांतही त्यावर एकमत झालेले नाही, आणि छपाईची तारीख आली म्हणून वाद मध्येच थांबवावा लागला.