शिक्षेचा धाक आणि भिलकवडी

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दानपेटीतून पैसे चोरीस गेले, तेव्हा सभेत सर्वांत कडक बोलणारी मी होते. चोर निघाला जवळच्याच वस्तीतला अठरा वर्षांचा पोरगा. "याला असा धडा शिकवा, की पुन्हा कोणाची छाती होता कामा नये," असे मी म्हटले, आणि पुष्कळ भगिनींना ते पटले. घरी परतताना रंगमहालावरून आले. मनात आले, ज्या अहिल्याबाईंचे नाव आपण या वास्तूशी जोडतो, त्यांनी चोर-लुटारूंचे काय केले असेल? त्यानंतर जे वाचले, ते येथे थोडक्यात मांडते.

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहिला. आपले चांदवडही त्याच दौलतीतले. येथून राहुड घाट उतरणारा रस्ता खानदेश ओलांडून माळव्यात जातो. तिकडच्या डोंगराळ मुलखात भिल्लांच्या टोळ्या वाटसरूंना लुटत. डोंगर त्यांचे, पण तेथून जाणाऱ्या व्यापाराचा नफा मात्र दुसऱ्यांचा!

बाईंनी प्रथम सामोपचार केला. तो फसला तेव्हा कठोर झाल्या. हट्टी म्होरक्यांना देहान्त शिक्षाही झाली. म्हणजे बाई केवळ मऊ मनाच्या होत्या, असे कोणी समजू नये. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा हक्क त्यांनी मान्य केला. तीच भिलकवडी. पडीक जमिनी कसायला दिल्या, आणि उलट हमी घेतली : तुमच्या हद्दीत वाटसरूंचे रक्षण तुम्ही करावे, आणि चोरी झाली तर माल तुम्हीच शोधून द्यावा. इंग्रज अधिकारी माल्कम याने १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात हे नमूद केले आहे.

इटलीतील बेक्कारिया याने १७६४ साली ग्रंथ लिहून सांगितले, की धाक बसतो तो शिक्षेच्या क्रूरतेने नव्हे, ती चुकणार नाही या खात्रीने. बाईंच्या हमीत हेच साधले होते. डोंगरातली प्रत्येक पाऊलवाट जाणणाऱ्यांवरच तपास सोपवल्यावर चोराने लपावे कोठे?

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांनी भिल्लांवर फौजा पाठवल्या, तरी बंडाळी शमेना. अखेर एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२५ साली, आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला. धरणगाव हे तिचे ठाणे. ज्यांचे भय वाटे, त्यांच्याच हाती बंदोबस्त आला.

पण हा धडा टिकला नाही. १८७१ साली कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. धाकाचे सारे बळ 'गुन्हा केला नाहीस तर सुटशील' या वचनात असते. निरपराध राहूनही जो सुटत नाही, त्याला धाक कशाचा वाटावा?

हे वाचून मी पुढच्या सभेत माझे शब्द मागे घेतले. पोलिसांत न जाता पैसे फेडून घ्यावेत, असे ठरले. त्या मुलाने कार्यक्रमांच्या वेळी खुर्च्या लावून, सतरंज्या उचलून ते फेडले. पेटीला चांगले कुलूप बसले, आणि ती दोघींनी मिळूनच उघडावी, असा नियम झाला. तो मुलगा पुन्हा कधी चुकणारच नाही, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आजही आपल्या समारंभाला खुर्च्या लावायला तोच येतो, आणि आता त्याला नावाने हाक मारतात. त्या दिवशी सभेत आम्ही त्याला एकाच नावाने ओळखत होतो : चोर.