स्वाराची कराबीन

तलवारीचें नांव निघालें कीं पोवाडा आठवतो. कराबिनीचें नांव निघालें तर ती दिसते कशी हेंहि पुष्कळांना आठवत नाहीं. कराबीन म्हणजे घोडेस्वाराची आंखूड बंदूक. शब्द मूळचा फ्रेंच. पण तो मराठींत रुळला आणि ‘कडाबीन’ असें त्याचें दुसरें रूपहि झालें. एकोणिसाव्या शतकांतील अशी एखादी बंदूक जुन्या शस्त्रसंग्रहांत आढळली, तर कोल्हापूरच्या माणसानें तिच्यापुढें अवश्य थांबावें. कां, तें सांगण्याचा आज विचार आहे.

प्रथम तिची घडण पाहूं. कंपनी सरकारच्या पायदळी बंदुकीची नळी सुमारें सव्वातीन फूट लांब असे. एका हातांत लगाम धरून ती घोड्यावर पेलणार कशी? म्हणून स्वारासाठीं नळी आंखूड केली. इंग्रजी फौजेंतील पॅजेट कराबिनीची नळी तर अवघी 16 इंच होती. बंदुकीच्या अंगास लोखंडी दांडी व तींत सरकती कडी बसवीत. ती कडी स्वाराच्या खांद्यावरील पट्ट्यास अडकविली म्हणजे हात सुटला तरी बंदूक पडत नसे. बार ठासण्याचा गजहि नळीच्या तोंडाशीं जखडलेला असे. कारण दौडींत गज गळाला कीं बंदुकीची काठीच व्हावयाची! एवढी सोय केली तरी आंत आटे नसलेल्या त्या नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरंवशाचा नसे, आणि धांवत्या घोड्यावरून तर तो नांवालाच. नेम साधावयाचा तर स्वारानें खालीं उतरावें हें बरें. कराबिनीचा इतिहास हा पुष्कळसा पायउतार झालेल्या स्वाराचाच इतिहास आहे.

असे पायउतार स्वार कोल्हापुरानें 1857 सालीं पाहिले. त्या वर्षींच्या 31 जुलैच्या रात्रीं येथील 27 व्या मुंबई पलटणींत उठाव झाला. रामजी शिरसाट हा शिपायांचा पुढारी होता. कांहीं शिपाई रानाच्या वाटेनें निसटले. कांहीं शहराजवळच्या पागेचा आश्रय करून निकरानें लढूं लागले. त्यांच्यावर साताऱ्याकडून ‘सदर्न मराठा इर्रेग्युलर हॉर्स’ या पथकाचे स्वार भर पावसाळ्यांत चालून आले. लेफ्टनंट विल्यम केर हा त्यांचा अधिकारी. पागेचे दरवाजे बंद, आंत बंदुका. तेथें घोड्याच्या दौडीचा काय उपयोग? केर कांहीं स्वारांसह खालीं उतरला, दरवाजा फोडून आंत शिरला, आणि आंतील शिपाई मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. घोडे बांधण्याच्या जागेंत पायदळ आणि बाहेर घोडे सोडलेले स्वार, असा तो विलक्षण सामना होता.

या पराक्रमाबद्दल केरला 1858 सालीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या सन्मानपत्रांत पायउतार स्वारांचा उल्लेख आहे. नांव मात्र त्यांपैकीं एकाचेंहि नाहीं. पागेच्या आंत आणि बाहेर, दोन्हीकडे, याच देशींचीं माणसें होतीं. बाहेरच्यांना केवळ दोष देऊन भागत नाहीं. अशा पथकांतील शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. तोच त्याचें भांडवल आणि घरच्यांचें अन्न. आंतल्या शिपायानें आपल्या भाकरीवर पाणी सोडलें होतें. बाहेरच्या स्वारास तें सोडवलें नाहीं. दोघांमधलें अंतर एका दरवाजाएवढेंच होतें.

पुढें डिसेंबरांत शहरांत पुन्हां उठाव झाला. कर्नल जेकबनें तो मोडला. अनेकांना देहान्त शासन झालें. राजबंधु चिमासाहेब यांना कराचीस पाठविण्यांत आलें, आणि तेथेंच 1869 सालीं त्यांचें निधन झालें. दरम्यान शस्त्रें काढून घेण्याचा कायदा निघाला होता. मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेरडांनीं शस्त्रें देण्याचें नाकारलें, तेव्हां 1857 च्या नोव्हेंबरांत त्यांच्यावर फौज गेली. 1878 च्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हाच गुन्हा ठरला.

निष्ठेनें राहिलेल्यांवर तरी सरकारचा विश्वास बसला काय? बंडानंतर देशी पायदळासाठीं जी बंदूक काढली, ती बाहेरून नव्या एनफील्डसारखी दिसे. आंतून मात्र नळी गुळगुळीत, आटे नसलेली. गोऱ्या शिपायाची गोळी दूरवर नेमानें जावी आणि काळ्या शिपायाची जाऊं नये, ही त्यामागची योजना. विश्वास किती ठेवावयाचा, तें नळीच्या आंत मोजून ठेवलें होतें.

कोल्हापुरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत जुन्या शस्त्रांचें दालन आहे. तेथें किंवा अन्यत्र अशी बंदूक पाहावयास मिळाली तर श्रोत्यांनीं तिच्या चापाजवळची खूण शोधावी. कंपनीच्या पुष्कळ बंदुकांवर सिंह कोरलेला असे. कंपनीचें राज्य गेल्यावरच्या बंदुकांवर राणीचा मुकुट दिसतो. मग दस्ता पाहावा. तेथें कधीं कधीं पथकाची खूण आणि एक अनुक्रमांक असतो. तो आंकडा ज्याचा, त्याचें नांव कोठेंहि कोरलेलें नसतें; पण ती बंदूक खांद्याला लावून जो घोड्यावरून उतरला तो तोच.