चटक्यावरचं पाणी

आमच्या माणदेशात भाजण्याला तीन शब्द होते. तव्याला बोट लागलं की ‘चटका बसला’. आधणाचं पाणी सांडलं की ‘पोळलं’. पदर पेटून माणूस दवाखान्यात न्यावं लागलं, तरच ‘भाजलं’. पहिल्या दोन्हींची कुणी दखल घेत नसे. चुलीपुढं बसणाऱ्या बाईचा हात पोळायचाच, असं सगळे धरून चालत. आजीच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला पांढुरके डाग होते. भाकरी तव्यावरनं काढून चुलीच्या तोंडाशी विस्तवाला उभी केली की टम्म फुगायची. उचलताना फुटली, तर आतली वाफ नेमकी मनगटावर यायची. असा डाग नसलेली बाई आमच्या आळीत शोधावी लागली असती.

औषधं घरातलीच असत. तूप असलं तर तूप, नाहीतर गोडेतेल. बांधावरच्या कोरफडीचा गर. शाळकरी पोर असलेल्या घरात दौतीतली निळी शाई. आजीचं खास औषध वेगळंच होतं. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून ठेवायचा, वरची निवळी घेऊन खोबरेल तेलात घोटायची. लोण्यासारखं पांढरं मलम तयार व्हायचं. स्कॉटलंडमध्ये कॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना असंच मिश्रण लावत. फक्त तेल जवसाचं. ‘कॅरन ऑइल’ या नावानं ते औषधांच्या पुस्तकांतही गेलं. पुढं आमच्या कोनाड्यात बर्नॉलची पिवळी ट्यूब आली आणि चुन्याची वाटी मागं पडली.

पाणी मात्र आजी लावू द्यायची नाही. “पाणी नगं लावू, फोड येतोय,” म्हणायची. उलट पोळलेलं बोट विस्तवाजवळ धरून शेकायला लावायची. कुणाला हे निव्वळ अडाणीपण वाटेल. पण या समजुतीसारखंच मत फार जुन्या ग्रंथात आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बाराव्या अध्यायात भाजण्याचे चार प्रकार सांगितलेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. यातलं प्लुष्ट म्हणजे सगळ्यात हलकं, आपला साधा चटका. त्याला शेक द्यावा, कारण पाणी मुळात थंड आणि त्यानं रक्त गोठतं, असं तिथं म्हटलंय. आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिचं बोलणं असं जुनं होतं.

दुसरीकडं पाण्याची बाजू घेणारेही जुनेच. हजारेक वर्षांपूर्वी इराणचा वैद्य अल-राझी भाजल्यावर थंड पाणी सांगत असे. पुढं 1959 साली आइसलंडच्या ओफेगसन नावाच्या डॉक्टरांनी प्रयोग करून थंड पाण्याचा गुण दाखवला. आज जगभर तोच पहिला उपाय मानतात. कारण सोपं आहे. हात तव्यावरनं काढला तरी कातडीत शिरलेली धग आत उतरत राहते. वाहतं पाणी ती धग ओढून नेतं. तूप-तेलाचा थर तिला आतच कोंडतो. फोड येतो तो कातडी किती खोल पोळली त्यावर, पाण्यामुळं नाही. पण तो थोड्या वेळानं उठतो, त्यामुळं मधे लावलेल्या पाण्यावर आळ येतो.

म्हणून घरातलं सगळंच टाकाऊ ठरत नाही. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधाची पट्टी बांधलेल्यांच्या जखमा लवकर भरल्या होत्या. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्या. गरीब रुग्णाला परवडाव्यात, हा त्यांचा विचार. पण हे सगळं दवाखान्यात, जखम स्वच्छ करून केलेलं. पाण्याआधी नव्हे, पाण्यानंतर.

आता पाणी. बारीक धार धरली तरी वीस मिनिटांत घागर-दीड घागर सहज जाते. 1972 च्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि अंधारात लांबनं घागर आणायची. त्या घागरीतलं पाणी स्वतःच्या मनगटावर कोण ओतणार? पाण्यानं फोड येतो ही समजूत अशा मुलखात टिकली, याचं मला नवल वाटत नाही. पाणी नसलेल्या घराला ती सोयीचीच होती.

आज आमच्या घरात नळ आहे. सुना चटका बसला की अजून टूथपेस्ट शोधतात, म्हणून सांगतो. आधी नळाखाली हात धरायचा, वीस मिनिटं. बर्फ लावायचा नाही. बांगड्या, अंगठी लगेच उतरवायची, सूज आली की निघत नाहीत. फोड फोडायचा नाही, स्वच्छ धुतलेल्या कापडानं सैल झाकायचा. तळहाताएवढं भाजलं, तोंडावर किंवा सांध्यावर भाजलं, विजेनं भाजलं किंवा लहान लेकरू असलं, तर पाणी ओतून थेट दवाखाना.

यात सगळ्यात अवघड आहे ती वीस मिनिटं. भाकरी तव्यावर असते, पंगत बसलेली असते, आणि बाई बोट झटकून पुन्हा काटवटीकडं वळते. आजीला पाणीही नव्हतं आणि वेळही नव्हता. सुनांना पाणी आलंय. वेळ मात्र पंगतीतल्या कुणीतरी उठून तव्यावरची भाकरी उलथली, तरच मिळणार आहे.